पान दोनशे बारा

'काजळबेट'वर सिनेमा येतोय म्हणे.
बातमी चार ओळींची, तीही आतल्या पानावर,
पण संध्याकाळी साडेसातला माझ्या झेरॉक्सच्या गाळ्यापुढे,
कोपरखैरणे, सेक्टर अकरा,
सगळे हजर.

क्षितिजा भोईर महापेहून थेट,
गळ्यात कंपनीचं कार्ड तसंच.
म्हणाली, तो दक्षिणेतलाच हवा,
दहा हजार माणसं एका चौकटीत बसवणारा.
खाडीवरची लढाई दुसऱ्या कुणाला झेपायची नाही.

दहा हजार कुठून आले? तन्वीर मुकादम उसळला.
लढाईत एकूण एकोणीस माणसं, मोजलीत मी,
त्यातल्या सहांना हिवताप.
त्याला ती बाई हवी
जिनं मिठागरांवर वीस मिनिटांचा माहितीपट केला,
ज्यात शेवटपर्यंत कुणी बोलत नाही.

"म्हणजे तिकीट काढून झोपायला जायचं."
हे नलावडे. रबाळ्याच्या कारखान्यातून निवृत्त.
पहिला भाग त्यांनी रात्रपाळीत वाचला,
सुपरवायझर आला की डब्याखाली सरकवत.
त्यांचं म्हणणं एकच: हुंबर दाखवायचा नाही.
पुस्तकात हुंबराला नुसता वास आहे,
ओल्या गोणपाटाचा, मागून जरासा रॉकेलचा.
वासाचं शूटिंग करणारा कोण असेल तो सांगा,
मी स्वतः पत्र टाकतो त्याला.

आणि ओजस, वय वर्षं बारा,
ज्याला कुणी विचारलं नव्हतं,
म्हणाला, हुंबराला शिंगं आहेत.

नाहीत, तिघं एकदम.

आहेत. मी बघितलीत.

मी टोनर हलवत होतो. हलवतच राहिलो.

मग गाडी पुलावर आली, यायचीच होती.
सावरी कंदील घेऊन पुलावर जाते
आणि परत येते ती ओल्या केसांनी, कंदिलाशिवाय.
मधलं कोण घेईल नीट?
क्षितिजाला तिथं पाण्याखाली पेटलेले दिवे दिसतात.
तन्वीर म्हणाला, छे, ती नुसती उभी राहते,
आणि ते वाक्य आहे ना, "पूल माझ्याआधी थकला",
ते पाठ आहे त्याला.
नलावड्यांची सावरी कंदील फेकत नाही,
कुणाला तरी देते. कुणाला, ते सांगताना
त्यांचा आवाज जरा बसला.

आता हे फक्त मला ठाऊक:
तिसरा भाग छापला आणि प्रकाशकच बुडाला.
वाशीच्या एका वाचनालयातली प्रत दोन दिवसांच्या बोलीवर आणून
ह्या सगळ्यांना मीच काढून दिली होती,
पाठपोट, पंच्याहत्तर पैसे, स्पायरलचे वेगळे.
दीडेकशे तरी गेल्या, ऐरोलीपासून उलव्यापर्यंत.
पान दोनशे बारा मूळ संचातच कोरं आलं.
मशीननं दोन कागद ओढले असणार.
लक्षात आलं तोवर वाचनालय बंद,
पुस्तकं किलोवर गेलेली.
मी तक्रारीची वाट बघितली.
एक महिना. पावसाळा. आठ वर्षं.
कुणीच आलं नाही.

सांगावं का, असं आजही वाटलं.
पण नलावडे अजून पुलावरच होते.

ओजसनं दप्तरातून आईची प्रत काढली,
कडा कुरतडलेली, स्पायरल उसवलेलं,
आणि काउंटरवर उघडून धरली.
डावीकडे, जिथं काही नसायला हवं तिथं,
निळ्या बॉलपेननं काढलेला हुंबर.
बेढब. एक पाय जास्तच.
आणि शिंगं, दोन, आतल्या बाजूला वळलेली,
त्यांच्यामध्ये लटकवलेला कंदील.

"माझ्यात हे नाहीये," क्षितिजा म्हणाली.
तन्वीर काहीच बोलला नाही.
नलावड्यांनी चष्मा कपाळावर चढवला,
पान डोळ्यांशी नेलं,
वास घेतला असावा, नक्की दिसलं नाही मला.

पाय चुकलाय, म्हणाले.

मग खिशात हात घालून सुटे शोधत,
"ह्याच्या तीन काढा. गडद काढा जरा."