माहीत नाही / सांगता येत नाही

प्रश्न सोळावा.
कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे समाजाचं काय होईल,
याची तुम्हाला किती काळजी वाटते?
एक म्हणजे मुळीच नाही, पाच म्हणजे फार.
माझ्या हातात टॅब, पायांत ओले बूट,
आणि वूच शहरातल्या या जुन्या गिरणीवस्तीत
लिफ्ट नसलेले चार जिने.

पहिल्या मजल्यावर बेनेडिक्ट झारेंबा,
ट्रामचालक, रात्रपाळीहून नुकताच आलेला.
"दोन लिही," दार अर्धंच उघडून.
"रूळ आहेत तोवर मी आहे."
दार लावता लावता, "तीन कर."
कडी सरकल्यावर आतून,
"चार. पण माझं नाव कुठे येणार नाही ना?"

दुसऱ्यावर लुत्स्याना बाई, शपथबद्ध अनुवादक.
जन्मदाखले, घटस्फोट, मृत्युपत्रं
जर्मनमधून पोलिशमध्ये आणायच्या.
आता यंत्र आणतं, बाई वाचून शिक्का मारतात.
"पैसे एक तृतीयांश. चुका मात्र सगळ्या माझ्या."
परवा यंत्राने एका विधवेच्या कागदावर
'पती हयात' लिहिलं होतं.
"चूकच ती. पण पेन उचललं आणि
खोडवेना गं लगेच."
पाच.
चहाही दिला, लिंबू पिळून.

तिसऱ्यावर कालिना, वय सोळा.
अठराच्या आतलं मत धरत नाहीत.
तरी ती उंबऱ्यात उभी राहून बोलत राहिली:
बाबांना ऐकू येत नाही,
आता फोन आमचं बोलणं त्यांना लिहून दाखवतो.
काल मी जेवताना काहीतरी पुटपुटले,
बाबांनी ते वाचलं
आणि जन्मात पहिल्यांदा माझ्या उलट उत्तराला
उलट उत्तर दिलं!
"शून्य आहे का तुमच्याकडे?
एकसुद्धा जास्त होईल."
शून्य नव्हतं. तीही नव्हती,
हिशेबात.

चौथ्यावर गेनोवेफा. चौऱ्याऐंशी.
एके काळी बारा माग एकटीने सांभाळायची.
प्रश्न दोनदा वाचायला लावला, मग म्हणाली,
"यंत्रं आली तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नाही.
यंत्रं भंगारात गेली तेव्हाही नाही.
तू विचारायला आलीस,
म्हणजे सगळं ठरलेलं दिसतंय."

मी म्हटलं, आजी, सुतावरून स्वर्ग गाठू नका.
ती हसली. "सुतावरूनच तर आयुष्य गाठलं.
बारा मागांच्या कल्लोळात
एक धागा तुटला तरी मला कळायचा.
कानाने नाही, इथे," आणि छातीवर बोट.
"तुझ्या त्या पाटीला कळतो का,
कुठला तुटला?"

मग अचानक, "तुझा आकडा काय?"

विचारणाऱ्यासाठी रकाना नसतो.
तिला सांगितलं नाही:
ऑक्टोबरात कचेरीने मला दोन दिवस
कापसाने मढवलेल्या खोलीत बसवलं.
सोळाही प्रश्न वाचून घेतले,
माझं 'हं', माझं 'अच्छा', माझं 'घाई नाही, विचार करा',
खोकला आला तर तोही राहू द्या म्हणाले,
खरा वाटतो.
जानेवारीपासून तो आवाज फोनवर विचारेल,
एका तासात चारशे घरं,
जिना न चढता.
मिळालेल्या पैशांत हे बूट घेतले.
गळतात.

गेनोवेफाने माझी बाही धरली,
सुटलेला एक दोरा दाताने तोडला
आणि खिशात ठेवला, जुन्या सवयीने.
आकडा दिला नाही.
मी शेवटचा पर्याय दाबला:
माहीत नाही / सांगता येत नाही.
दोन्ही एकाच रकान्यात. किती वेगळ्या गोष्टी.

मुलाखत पूर्ण झाली का, टॅबने विचारलं.
हो.

जिन्यातला दिवा विझला, भिंत चाचपत उतरले.
पहिल्या मजल्यावर दार उघडं.
झारेंबा मोज्यांवर उभा, डोळे तांबारलेले.
"बाई, ते मघाचं चार…
खरं सांगू का?"

माहिती केव्हाच गेली होती.
"सांगा," मी म्हटलं,
आणि पायरीवर बसून बूट काढले.