पॉइंट चार आठ

माझ्या टेपला दोन अंगं.
पिवळ्या अंगावर इंच, पांढऱ्यावर सेंटीमीटर,
दोघं एकमेकांकडे पाठ करून असतात
भांडण झालेले भाऊ एका खाटेवर निजावेत तसे.

तेजल विचारते, मॅडम सेंटीमीटरमध्ये मागतात,
तू मापं इंचात का घेतेस?
मी म्हणते, बायका इंचातच जाड होतात बाई.
छत्तीसची अडतीस झाली तर हसून घेतात,
शहाण्णव पॉइंट पाच दोन म्हटलं
तर भारंबेकाकू पुन्हा पायरी चढायच्या नाहीत.

तरी मशीनच्या फळीवर खडूनं लिहून दिलं:
एक इंच, दोन पॉइंट पाच चार.
प्रणितनं स्वतःच्या अंगठ्याचं पेर लावून बघितलं,
पुरलं नाही. माझं पुरलं.
‘आईचं एक पेर = २.५४’
असं वहीत लिहिलं त्यानं. मी खोडलं नाही.

मोरीचा पाइप बदलायला फेगडे आला,
अर्धा इंची, म्हणाला. पाइपावर छापलेलं वीस.
तेजलनं तिथंच गुणाकार केला,
अर्धा इंच म्हणजे बारा पॉइंट सात मिलिमीटर,
काका, बाकीचे सात पॉइंट तीन कुणाचे?
फेगडेनं पान्हा खाली ठेवला.
पोरी, नाव अर्ध्या इंचाचं, अंग विसाचं.
माणसांचंही असतंच की तसं.

मे महिन्यात प्रणितला ताप, एकशे दोन.
बाहेर पाचोऱ्यावर शेहेचाळीस.
हिनं बत्तीस वजा केले, पाचानं गुणलं, नवानं भागलं:
अडतीस पॉइंट नऊ.
अरे, तू तर उन्हापेक्षा गार आहेस!
तो भिंतीकडे तोंड करून रुसला.
आजारपणातलं त्याचं मोठेपणच गेलं.

पट्टीवरून मात्र दोघं खूप भांडले.
एका काठाला बारा इंच, दुसऱ्याला तीस,
पण बारा संपतात तिथं तीस संपत नाहीत,
पॉइंट चार आठ उरतं.
बारीक आहे, सोडून दे, प्रणित म्हणाला.
तेजल सोडेना.
मी भारंबेकाकूंचा ब्लाउज उलटा केला,
काखेतला दुमडलेला दाब दाखवला.
हे सोडलेलं नाही, आत ठेवलंय.
दिवाळीनंतर येतील, म्हणतील,
‘दाटस वं, जरासा ढिला करी दे,’
तेव्हा उसवून हेच बाहेर काढायचं.

एका रविवारी पीजेच्या रुळांवर गेलो.
गाडी बंद, रुळांत कुसळं.
तिघं उकिडवे बसलो आणि टेप लावली.
तीस इंच, टेपचा बरोबर अर्धा.
पलटली: शहात्तर आणि वर दोन रेघा.
तेजलनं हातावर हिशेब केला, जुळला.
पहिल्यांदाच काही उरलं नव्हतं.
तिला थोडं वाईट वाटलं असावं.

येताना फाटकाशी थांबलो. मोठी लाइन.
ह्यांचे पप्पा तिच्यावरूनच सुरतेला गेले, साच्यावर.
तिकडे ते मीटरमध्ये विणतात,
इकडे मी इंचात कापते,
फोनवर मात्र दोघं पगाराचंच बोलतो.
ही किती रुंद, तेजलनं फाटकवाल्याला विचारलं.
साडेपाच फूट, तो म्हणाला.
सहासष्ट इंच. माझी टेप साठाची.
सहा कमी पडतात गं आई.

प्रणितनं हात पसरला, माझी वीत लाव ना.

घरी येऊन वीत मोजली. साडेपाच भरली.
सेंटीमीटरमध्ये किती,
ते त्यानं उद्यावर ढकललं
आणि बोटं ताणत ताणत झोपी गेला.