खुंटीवरची किल्ली

उद्यमनगरात तेहतीस वर्षं मी बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या.
ट्रॅक्टरच्या, वडापच्या जीपच्या, बँडवाल्यांच्या,
एकदा तर तालमीच्या गणपतीची,
रात्री दोन वाजता, दोघांनी हातगाड्यावर घालून आणलेली.
बूच काढायचं, काचेच्या नळीनं पाणी वर ओढायचं,
आतला तरंगता आकडा बघायचा: बाराशे साठ.
झाली. न्या.
भरत आली की ती बारीक उकळायची,
मंद आचेवरच्या भातासारखी,
त्या आवाजावर मला डुलकी लागायची.
ॲसिडानं माझ्या एकाही विजारीचा गुडघा शाबूत ठेवला नाही.

आणि आता ही.
विभाची गाडी. पोरगी बोटीवर इंजिनिअर,
पाच महिने पाण्यावर,
आणि गाडी बावड्यात, माझ्या दारात, पेरूच्या झाडाखाली.
जाताना म्हणाली, 'आप्पा, तुम्हाला काय सांगायचं बॅटरीचं.'

दहाव्या दिवशी बटण दाबलं.
काट्यांनी एकदा अंग झटकलं,
पडद्यावर कसलंसं पिवळं चित्र उमटलं, आणि
टक टक टक टक.
बॉनेट उघडलं तर काळा, बंद ठोकळा.
बूच नाही, झाकण नाही.
जन्मभर ज्यांच्या पोटात बघून निदान केलं
त्यांच्यातल्या एकीनं म्हातारपणी
मला तोंडसुद्धा उघडून दाखवलं नाही.

शेजारच्या टेम्पोला केबल जोडून चालू केली.
मग रोज सकाळी दहा मिनिटं, जागच्या जागी, घुर्र घुर्र.
बायको ओरडली, धूर होतोय, पापड घातलेत वाळत.
आठवड्यानं पुन्हा टक टक.

शेवटी नदाफांचा जुबेर आला.
माझ्या दुकानातल्या मौलाचा नातू,
मौला, जो वासावरून सांगायचा कुठला सेल गेलाय.
ह्याच्या हातात फोनएवढं यंत्र.
वायर जोडली, गाडी लॉक केली, आणि पायरीवर गप्प बसला.
चहा दिला. चहावर साय धरली
तरी हा आकडाच बघतोय.

'आप्पा, गाडी झोपत न्हाई तुमची.'
'म्हंजे?'
'किल्ली कुठं ठेवता?'
दाखवली. दाराच्या आत, खुंटीवर.
गाडीपासून चार पावलं, मध्ये एक वितीची भिंत.
'तिला वास लागतोय किल्लीचा.
मालक आला, मालक आला, म्हणून
रातभर कान टवकारून बसती ती.
आन तुमी दहा मिन्टं घुरघुरवता,
त्यात स्टार्टरनं खाल्लेलंबी परत भरत न्हाई.'

तेव्हापासून किल्ली स्टीलच्या डब्यात, घट्ट झाकणाच्या,
आतल्या खोलीत, तांदळाच्या पिंपावर.
तिला अजून शेंगदाण्याच्या चटणीचा वास येतो.
रविवारी सकाळी शिये फाट्यावरून टोपपर्यंत जातो नि येतो,
एसी बंद, रेडिओ बंद,
नदीच्या पुलावर तेवढी काच खाली.
उसाच्या ट्रॉलीमागं अडकलो तरी शिवी देत नाही,
म्हणतो, चाललंय की, भरतंय की.
सोमवारी इंजिन तापायच्या आधी मीटर लावतो.
बारा पॉइंट सहा.
कॅलेंडरवर दुधाच्या रतिबाखाली लिहितो,
विभाला दाखवायला.

तिची बोट आता कुठं आहे ते तिलाही नीट सांगता येत नाही.
किनारा जवळ आला की रेंज येते म्हणाली होती.
फोन माझ्या उशीखाली, आवाज फुल्ल.
एकला एकदा बघतो, अडीचला एकदा,
चारला तर उठूनच बसतो.
काल बायकोनं कूस बदलली, डोळे न उघडता म्हणाली,
'तो फोनपण घाला एकदा त्या डब्यात.'

डब्यात जागा आहे तशी.
मी फोन पालथा घातला.
आवाज तेवढाच ठेवला.