सहा ग्रॅम

एका अंड्यात सहा ग्रॅम, असं ज्युदोचे मास्तर म्हणाले.
सहा.
मी बावीस वर्षं दाणाबंदरात काट्यावर उभा आहे.
पन्नास किलोच्या पोत्यामागे मूठभर इकडेतिकडे
आम्ही धूळ म्हणून सोडून देतो.
आता घरी, सानपाड्यात, पहाटे साडेपाचला
ओट्यावरच्या चिमुकल्या काट्यापुढे वाकून
मी पनीर चिमटीने कमी करतो.

पोरगी चोपन्न किलोवर अडकली आहे.
खालच्या गटात जायचं तर उपाशी राहायला हवं,
वरच्या गटात जायचं तर खायला हवं.
मास्तर म्हणाले, वर.
मी म्हटलं, बरं झालं.

वॉफलचं यंत्र तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांचं.
ते पुण्याला गेले, जाताना सहाशेला दिलं.
एक पाय तुटलेला.
खाली पुठ्ठ्याची घडी लावली तरी
पीठ तुर्भ्याच्या बाजूला सरकतंच.

मूगडाळ रात्री भिजवलेली. डाळीत मला कोणी फसवू नये.
परखी मारली की तळहातावर पडलेले दाणेच सांगतात
माल गेल्या वर्षीचा आहे की ह्या.
वाटताना पाणी बेतानं. पळीवाढं झालं की बिघडलं.
आलं, मिरची, जिरं, किसलेलं पनीर,
दोन अंडी; पिवळं आत, पांढरं वेगळं फेटून,
भांडं उलटं धरलं तरी पडू नये इतकं.
पहिल्यांदा धरलं तेव्हा पडलं होतं.
माझ्या चपलेवर.

आणि झाकण उघडायचं नाही.
वाफ येतेय तोवर तर नाहीच.
हे मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून आजचं पहिलंही
घाईत उघडलं आणि दुभंगलं,
निम्मं वर, निम्मं खाली,
वाटणीला बसलेल्या भावांसारखं.
मग दुसरं. हात पाठीमागे बांधून उभा राहिलो.
वाफ थांबली. यंत्र गप्प झालं.
उघडलं तर सोनेरी, अख्खं,
सिडकोनं आखल्यासारखे चौकोन,
सेक्टरला सेक्टर लागून,
आणि एका कोपऱ्यात, पुठ्ठ्याच्या कृपेनं,
थोडं अतिक्रमण.

प्रांजल केस बांधत आली. चटणी
एकेका भूखंडात चमच्यानं भरत म्हणाली,
"बाबा, हे थालीपीठच आहे. खड्डे पडलेलं."
दोन खाल्ली.
मी वहीत लिहिलं: बावीस.
किटबॅग खांद्यावर टाकून ती गेली,
जिना दोन-दोन पायऱ्यांनी वाजत राहिला.

पावणेआठला वैजयंता आली, वाशीहून, रात्रपाळी करून.
चप्पल पायातच. पर्स खांद्यालाच.
ओट्यावरचं ते दुभंगलेलं उचललं
आणि उभ्याउभ्या खाऊ लागली.
रात्रभर दुसऱ्यांचे थेंब मोजून आलेली बाई.
"अगं, ते बिघडलेलं आहे."
"लागतंय चांगलं. किती आहे यात?"
"अकरा."
"अकरा काय?"
सांगितलं तर हसली. हसता हसता
खुर्चीत बसली आणि बोटांना पीठ तसंच लागलेलं
असताना झोपली.

चार झाली होती. दोन पोरीनं खाल्ली, एक हिनं.
उरलेलं एक मी पोळ्यांच्या जाळीवर ठेवलं,
ताटलीत ठेवलं की घाम धरतं, मऊ पडतं.
वर झाकण, जरा तिरकं.

मग वही पाहिली.
तारीख, वार, अंडी, डाळ, पनीर, प्रांजल.
तीन महिन्यांची पानं,
आणि हिचा रकाना कुठेच नाही.
इतकी वर्षं पावत्या फाडतोय मी,
हमाली, तोलाई, वाराई, सगळ्यांना रकाना असतो.

पट्टी शोधली. मिळाली नाही.
हातानंच रेघ ओढली.
वाकडी आली.
वर नाव लिहिलं, खाली अकरा.