सोनगीरला तीन रात्री

बस माझ्याहून अठरा वर्षांनी लहान,
पण गुडघे आधी तिचे गेले.
धुळ्याच्या लिलावात बाकडी काढलेली मिळाली.
पन्नास माणसं बसायची तिथे आता
एक खाट, एक स्टोव्ह, पाण्याची तांब्याची टाकी
आणि मी.

सोनगीरच्या अलीकडे बझर वाजला.
हवेचा काटा सातावरून चारावर,
पाण्याचा काटा तांबड्यात.
लोटनने, भाच्याने, एकेक गिअर उतरवत
कडुनिंबाखाली आणून उभी केली,
चाकांना दगड लावले
आणि म्हणाला, मावशी,
हिच्या पोटात वारा नाही, डोक्यात ताप आहे.

पत्र्याला हात लावला तर सालटं निघावं असं ऊन.
साबणाचा फेस करून त्याने सांध्यासांध्याला लावला.
फुगा येईना.
केळीचे ट्रक, सरकीचे ट्रक, त्यांच्या आवाजात
बारीक काही ऐकू येणं शक्य नव्हतं.
म्हटलं, रात्र होऊ दे.

एकतीस वर्षं मी एक्स्चेंजमध्ये
कानांच्या पगारावर जगले.
दोंडाईचा बोला. साक्री बोला.
शिरपूरची लाईन पावसाळ्यात फुटाण्यासारखी तडतडायची,
तळोद्याची नुसता श्वास घ्यायची.
लोक रडायचे, कापसाचे भाव सांगायचे;
मी त्यांच्या मधलं ऐकायचे,
तार कुठे झिजली ते.

रात्री दोनला ट्रकांमध्ये फट पडली.
सतरंजी टाकून बसखाली शिरले.
पाठीला मुरूम टोचत होता.
टाकीपासून निघालेल्या नळीला
कान लावत लावत सरकले,
आणि डाव्या चाकापाशी
स्स्
दाराआडून कुणी ‘थांब’ म्हणायला घ्यावं
आणि राहून जावं, तसं.
थुंकी लावली. फुगा आला.
टॉर्च धरलेला लोटन ओरडला,
हवा आठेच जाई ऱ्हायनी!

सांध्यातली कडी चिरली होती,
चिंचोक्याएवढी, पितळेची.
दुकानदार म्हणाला, हे माप बंद झालं,
प्लास्टिकची नळी टाका.
आम्ही ठोक्यांच्या आवाजामागे गल्लीत गेलो.
हिलाल कासारांनी कडी तळहातावर घेतली.
मी हंडे करतो, म्हणाले, मुंगीची नथ करत नाही.
मग केलीच.
तापवली, विझवली, कानसली,
नळीवर चढवून पाहिली, पुन्हा कानसली.
पैसे घेतले नाहीत. गाडीत चढले,
टाकीवरून अंगठा फिरवला:
ही आमच्याच गल्लीतली. ठोका डावखुऱ्याचा आहे.
मोतीराम काका.
आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले,
चहा गार होईपर्यंत.

उरला ताप.
सकाळी थंड इंजिनचं झाकण उघडून
लोटनने बोट घातलं. पाणी काठोकाठ,
कोमटसुद्धा नाही.
चावी फिरवली. काटा तांबड्यात.
सेन्सर नाशिकहून येणार, दोन दिवस.
मी म्हटलं, त्याची वायर काढून बघ.
काढली.
काटा तांबड्यातच.

हे मला झोपेतही कळतं.
सेन्सर बिचारा गप्प बसलाय,
लाईन अर्थ झालीय.
ब्लॉकच्या कडेला वायरचं कातडं सोलून
तांबं लोखंडाला टेकलं होतं.
हाऊ काटा खोटा शे, लोटन हसला.
म्हटलं, त्याला जे ऐकू आलं ते त्याने सांगितलं.
मीही एकदा सांगितलं होतं एका बाईला,
तळोदा बंद आहे, उद्या या.
तळोदा चालू होतं.
ते असो.

चिकटपट्टी, वरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा.
इंजिन धडधडलं. काटा डाव्या कोपऱ्यातून
जांभई देत उठला आणि मधोमध थांबला.
हवा सात.

पहाटे पाहिलं तर साडेसहा.
अजून एक सांधा आहे कुठेतरी.
लोटन साबण शोधायला लागला.
म्हटलं, राहू दे, तापी ओलांडू आधी.
रात्री ऐकायला
काहीतरी असू दे.