मोड

सवय मोडली, असं मी तीनदा सांगून टाकलं.
तिन्ही वेळा तिला मोड आले,
ओल्या फडक्यात बांधलेल्या मटकीसारखे,
रातोरात, पांढरे, बारीक,
शेपटी वळवून बसलेले.

पहिल्यांदा कानबाईच्या रोटांसमोर, हात जोडून.
सावद्यातली अर्धी गल्ली साक्षीला होती.
रोट संपायच्या आधीच
मी मोरीकडे तोंड करून
दातांवर मिसरी फिरवत होते.

दुसऱ्यांदा भुसावळला जाताना
एसटीच्या खिडकीतून डबी तापीत भिरकावली.
शेजारची म्हणाली, नाणं टाकलं का?
म्हटलं, हो.
येताना बाजारातून नवी डबी घेतली
आणि भाजायला छटाकभर तंबाखू.

तिसऱ्यांदा मुलाच्या डोक्यावर हात ठेवून.
ती अकरा महिने टिकली.
मग सासूबाई गेल्या.
दहाव्याला बायका भिंतीला टेकून बसलेल्या,
जनकाबाईने न विचारता चिमूट पुढे केली.
सुतकात कोण कुणाला नाही म्हणतं?
मुलाला काही झालं नाही.
पण वर्षभर तो नुसता शिंकला
तरी माझ्या पोटात गोळा यायचा.

चौथ्यांदा कुणाला सांगितलंच नाही.
देवाला नाही, नदीला नाही, पोटच्यालाही नाही.
केळीच्या पॅकिंगला तेव्हा हातमोजे आले होते.
आखातात जाणाऱ्या फण्यांना
आमची उघडी बोटं चालत नव्हती.
आठ तास बोट रबरात कोंडलेलं.
सुट्टी झाली, मोजा उलटा करून ओढला,
तर ते पांढरं, सुरकुतलेलं,
नुकत्याच न्हाऊ घातलेल्या तान्ह्यासारखं
माझ्याकडे बघत होतं.
वाटलं, आज राहू दे याला असंच.
एवढंच. याहून मोठं काही ठरलं नाही.

डबी फेकली नाही.
भरलेली होती, तशीच फळीवर ठेवली, हळदीच्या मागे.
रिकामी डबी हाका मारते,
भरलेली गप्प बसते.
हे कळायला मला तीन डब्या लागल्या.

पहाटे चारला बोट अजून उठतं.
ओठापर्यंत येतं,
दार वाजवावं की नाही
अशा अवेळी आलेल्या पाहुण्यासारखं थांबतं,
मग पांघरुणात परत जातं.
मी त्याला रागवत नाही.

तीन आठवड्यांनी एका रात्री
उडदाची दाळ चाखली आणि थुंकले.
खारट. जीभ सोलून निघेल इतकी.
ठेचा चाखला, भरीत चाखलं,
सगळं तसंच,
नेहमीच्या हाताने, नेहमीच्या मापाने केलेलं.
बावीस वर्षं माझ्या हिरड्या बधिर होत्या
आणि एकही ताट कधी परत आलं नव्हतं.
फक्त तांब्या.
तांब्या मात्र सारखा भरावा लागायचा.
मी समजायचे, आपल्याकडचं ऊन.

दुसऱ्या दिवशी बेताचं मीठ टाकलं.
हे जेवायला बसले, भाकर कुस्करली, घास घेतला,
दाळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"आज मीठ टाकाले इसरली का वं?"

हसू आलं, ते घशातच अडकलं.
माझ्यापुरती मोडली होती,
पण तिचं पिल्लू या माणसाच्या जिभेवर
बावीस वर्षं वाढत होतं,
आणि त्याला चारा मीच घालत होते.

म्हटलं, हो, इसरली.
वरून मीठ टाकलं, पहिल्याइतकंच.
दुसऱ्या दिवशी नखभर कमी.
चार दिवस गेले, आणखी नखभर.
यांनी पुन्हा विचारलं नाही.

काल जेवणं झाल्यावर ताटं उचलली
तर तांब्यात पाणी उरलं होतं.
दारातल्या तुळशीला घातलं,
आणि कुणाला काही बोलले नाही.