पाय आधी ऊन झाला

रंगनाथ वडके, वय एकाहत्तर, तांबट आळी.
बिड्या? सोडल्या, म्हणाले.
सुनेनं माझ्याकडे बघितलं फक्त.

मी त्यांना कुशीवर वळवते.
"मांजरासारखं अंग गोळा करा, बाबा."
मणके बोटानं चाचपते, तिसरा, चौथा,
सुई आत जाते
आणि ते भिंतीला सांगू लागतात:
"तांबं आधी तापवायचं. मऊ पडू द्यायचं.
गारठ्यात हातोडी घातली की चिरतं."

पाच मिनिटं. दहा.
डावा अंगठा काळसर,
पहाटे गोदेच्या पायरीला हात लावावा तसा गार.
अजून कुणी सुरीला हात लावलेला नाही,
मांडीतली शीर काढून, उलटी करून
गुडघ्याखाली जोडायची आहे अजून,
आणि पाऊल माझ्या तळहाताला ऊन लागतं.

कारण साधं आहे.
धमन्यांभोवती मज्जातंतूंची मूठ असते,
कायम थोडी आवळलेली.
औषध तिला म्हणतं, सोड.
वाट रुंदावते, पुढचा अडसर उतरतो,
जोडलेल्या शिरेतून जास्त रक्त धावतं.
विद्यार्थ्यांना मी हे शिकवते.
हेही सांगते की ऊब पुष्कळदा कातडीचीच असते,
खोल स्नायूपर्यंत पोचतेच असं नाही,
आणि दाब घसरला तर सगळंच घसरतं.
म्हणून एक डोळा आकड्यांवर:
एकशे अठरा. एकशे दोन. शहाण्णव.
थोडं औषध. एकशे दहा.

हिरव्या पडद्याअलीकडे ते जागे.
"माझा पाय आहे ना अजून?"
"आहे."
"मग मला का नाही?"
याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं.

क्लॅम्प सुटले.
डॉक्टर गायधनींनी डॉप्लरची कांडी टेकवली.
खरखर. मग काहीच नाही. मग
हुश्श, हुश्श, हुश्श.
वडक्यांनी मान वळवली.
पन्नास वर्षं हंड्याला कान लावून
कुठं पत्रा पातळ पडलाय ते सांगणारा माणूस.
"नाद भरलाय," म्हणाले.
"पण शेवटाला जरा फुटका वाजतोय."
गायधनी थबकले. कांडी खाली सरकवली.
खालच्या जोडापाशी शिरेला पीळ होता, अर्धाच.
तसाही सापडला असता, बहुधा.
मी "बहुधा" म्हणते. गायधनी "नक्की" म्हणतात.

रात्री आठला मूठ परत वळू लागली.
अंगठा हलला. दुखतंय, म्हणाले,
आणि आळीतली एक जुनी शिवी हासडली.
औषधाची उसनी ऊब एव्हाना उतरलेली.
आता उरली असेल ती त्यांची स्वतःची.

दाराशी सून. हातात डबा, पोळ्या गार झालेल्या.
"गरम आहे का हो पाय?"
मी काही बोलले नाही.
तिचा हात धरला
आणि तिथं नेऊन ठेवला.